पेटीवरचीं नांवें

आपल्याकडे मुलाचें नांव ठेवतांना वडील मंडळी किती विचार करतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पत्रिकेवरून आद्याक्षर निघतें, कुलदेवतेची आठवण होते, पणजोबांचें नांव पुढें चालावें अशी कोणाची इच्छा असते, आणि मग आत्याबाई पाळण्यापाशीं वांकून तें नांव बाळाच्या कानांत सांगतात. नांव हें प्रथम कानांत पडावयाचें असतें. कागदावर तें मागाहून येतें. उच्चाराविषयीं तर आपल्या पूर्वजांची दृष्टि फारच कडक होती. त्वष्ट्यानें इंद्राचा नाश करणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला. पण 'इंद्रशत्रु' या एका शब्दाचा स्वर चुकला, समासाचा अर्थ उलटला, आणि इंद्रास मारणारा जन्मावयाचा तो इंद्राच्या हातून मरणारा जन्मला. या कथेचा उल्लेख पतंजलींनीं महाभाष्याच्या आरंभींच केला आहे. अशा परंपरेंत वाढलेल्या एका घरांत साध्या माईकच्या नांवावरून तंटा उपस्थित व्हावा, यांत नवल तें काय?

गेल्या श्रावणांत आम्ही कोपरखैरणे येथें आमच्या थोरल्या मावसबंधूंकडे चार दिवस राहावयास गेलों होतों. घरांतील लहानथोर सर्व त्यांस अण्णा म्हणतात, म्हणून आम्हीहि येथें तसेंच म्हणूं. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि खाडीच्या पूर्वेस नवें नगर उभें राहूं लागलें; तेव्हां खाडीकांठच्या जुन्या गांवाचें हें नांव त्या नगराच्या एका विभागास मिळालें. गिरगांवांतील चाळीचें बिऱ्हाड सोडून अण्णांचें कुटुंब येथें आलें, त्यास पंचवीसांहून अधिक वर्षें झालीं. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडें, असा सर्व परिवार शेजारशेजारच्या दोन जागांत राहतो. स्वयंपाकघर मात्र एकच.

ठाणे-वाशी रेल्वे २००४ सालीं सुरू झाली. तेव्हांपासून घणसोली व तुर्भे यांच्यामधील या स्थानकाचें नांव प्रवाशांच्या कानीं रोज कितीदां तरी पडतें. तरीहि आमच्या डब्यांतील एक सहप्रवासी 'खैराने' म्हणत होता, आणि दुसरा नुसतें 'कोपर' म्हणून मोकळा झाला होता. कोपर नांवाचें निराळें स्थानक डोंबिवलीजवळ आहे, याची त्यास फिकीर नव्हती. अण्णांस हें 'खैराने' फार लागतें. 'ण'चा 'न' झाला कीं त्यांच्या भुवया वर चढतात.

या वस्तींत बाजारपेठेंत मालाची चढउतार करणाऱ्या माथाडी कामगारांचीं कुटुंबें पुष्कळ आहेत, बरींचशीं सातारा-सांगलीकडचीं. त्यांचें भजन ऐकण्यासारखें असतें. निवृत्त झाल्यापासून अण्णा दर गुरुवारीं त्यांच्या भजनास पेटीची साथ करतात. मंडळींचा जुना माईक बिघडला, तेव्हां गणेशोत्सवापूर्वीं नवा आणावा असें ठरलें. वर्गणी जमली, आणि अण्णा शिकलेले म्हणून खरेदीचें काम त्यांजकडे आलें. एका जाणकारानें चिठीवर इंग्रजी अक्षरांत एक नांव लिहून दिलें. अण्णा मुंबईंतील एका दुकानांत गेले व अक्षरें जशीं दिसलीं तशीं वाचून त्यांनीं 'सेन्हेसर' मागितला. दुकानांतील तरुण नोकर हंसला. त्यानें तो शब्द आपल्या सोबत्यास म्हणून दाखविला, तोहि हंसला. मग 'काका, सेनहायजर म्हणा,' असा धडा त्यानें अण्णांस दिला. अण्णांनीं चिठीची घडी केली, ती खिशांत ठेविली आणि रिकाम्या हातानें ते घरीं आले.

गोष्ट येथेंच संपती. परंतु घरीं त्यांनीं ही हकीकत सांगितली, तेव्हां त्यांची नातहि हंसली. मुलगी गुणी आहे. पेटीचे पहिले स्वर ती अण्णांच्याच मांडीवर बसून शिकली. तिच्या मनांत वाईट कांहीं नव्हतें. पण ज्या माणसानें तिला 'श' आणि 'ष' यांतील भेद शिकविला, त्याच्याच उच्चारावर ती हंसली. त्या दिवसापासून अण्णा मूग गिळून बसले. ते भजनास गेले नाहींत आणि पेटीचें झांकणहि त्यांनीं उघडलें नाहीं. आम्ही जाऊन पोंचलों, तेव्हां या गोष्टीस आठवडा झाला होता.

घरांत दोन पक्ष पडले होते. ज्याचें नांव त्यानें जसें म्हटलें तसेंच आपण म्हटलें पाहिजे, असें नातवंडांचें म्हणणें. आपलें नांव कोणी बिघडविलें तर आपणांस राग येत नाहीं का, असा त्यांचा बिनतोड प्रश्न. परक्या पेटीवरच्या नांवाची एवढी मिजास कशाला, पैसे आपले आणि जीभहि आपली, असें थोरल्या चिरंजीवांचें म्हणणें. आम्ही पाहुणे, म्हणून आम्हांसच पंच नेमण्यांत आलें. आम्हीं दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि घरांत जेवढीं वाद्यें व यंत्रें होतीं, त्या सर्वांच्या नांवांची चौकशी आरंभिली. असा तंटा आमच्या अनेक वाचकांच्या घरीं झाला असेल, म्हणून त्या चौकशींत जें हातीं लागलें तें येथें देतों.

माळ्यावरून प्रथम निघाल्या त्या अण्णांच्या वडिलांच्या वेळच्या तबकड्या. त्यांवर कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेला तो कुत्रा होता. फ्रान्सिस बॅरॉड नांवाच्या इंग्रज चित्रकारानें हें चित्र काढिलें; कुत्र्याचें नांव निपर. मूळ चित्रांत नळकांडीचा फोनोग्राफ होता. १८९९ सालीं ग्रामोफोन कंपनीनें चित्र विकत घेतलें, तेव्हां तिच्या इच्छेवरून त्याच्या जागीं तबकडीचा ग्रामोफोन रंगविण्यांत आला. 'हिज मास्टर्स व्हॉइस', म्हणजे धन्याचा आवाज, हें त्या चित्राचें नांव पुढें मालाचेंहि नांव झालें. पण आमच्या लहानपणीं घरांतले पदवीधरसुद्धां दुकानांत जाऊन 'कुत्रा छाप' तबकडी मागत, आणि दुकानदार न चुकतां तीच काढून देई. त्या काळीं कोणी कोणास हंसल्याचें आम्हांस आठवत नाहीं. त्याच कंपनीच्या हिंदुस्थानांतील शाखेनें २००० सालीं 'सारेगामा' हें नांव घेतलें. त्याचा उच्चार आतां साहेबानें आपणांस विचारावयाचा आहे!

या कंपनीची आणखी एक गोष्ट प्रस्तुत विषयास फार जुळती आहे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान बाईंचें गाणें तिनें मुद्रित केलें. गाणें संपतांच बाई इंग्रजींत आपलें नांव स्पष्ट सांगतात. तबकड्या त्या वेळीं जर्मनींत हॅनोव्हर येथें तयार होत. तेथील कारागिरांस गाणें कोणाचें हें कळावें, म्हणून अशी रीति पडली असें सांगतात. नांवाच्या धनिणीनेंच आपला उच्चार करून ठेवावा, यासारखी सोय दुसरी नाहीं. परंतु प्रत्येक नांवाचा धनी असा तबकडीवर बोलत नाहीं, आणि म्हणूनच हे तंटे.

दुसऱ्या एका तबकडीवर घुमटाचें चित्र व 'ओडियन' हें नांव होतें. हा छाप १९०३ सालीं जर्मनींत निघाला. नांव पॅरिसच्या एका नाट्यगृहावरून घेतलेलें, आणि नाट्यगृहाचें नांव प्राचीन ग्रीकांच्या गायनशाळेच्या शब्दावरून. म्हणजे शब्द ग्रीकांचा, नाट्यगृह फ्रेंचांचें, कारखाना जर्मनांचा, आणि तबकडींत भरलेलें गाणें आमचें! ग्रीक म्हणणार 'ओदेइऑन', फ्रेंच म्हणणार 'ओदेऑं', आणि इंग्रज 'ओडियन'. यांतील शुद्ध कोणता व अशुद्ध कोणता, हें सांगण्याचें धाडस नातवंडांच्या पक्षासहि झालें नाहीं.

तबकड्यांच्या मागें रेडिओ होता, मर्फीचा. ओठांशीं बोट नेलेलें तें गोजिरवाणें बाळ अजून कित्येकांच्या डोळ्यांपुढें असेल. फ्रँक मर्फी या गृहस्थानें १९२९ सालीं इंग्लंडांत एका भागीदारासह ही कंपनी काढिली. आडनांव मूळचें आयरिश. त्याचा अर्थ समुद्रावरील योद्धा. एके काळीं येथून जवळच ठाण्यास या रेडिओचा कारखाना होता, त्यामुळें हा आयरिश योद्धा ठाणेकरांस घरचाच वाटे. शेजाऱ्यांकडे बुशचा रेडिओ होता. बुश म्हणजे झुडूप, असें आम्ही शाळेंत असतांना मोठ्या ऐटीनें सांगत असूं. वस्तुतः तें नांव लंडनच्या शेफर्ड्‌स बुश या भागावरून पडलें आहे. फिलिप्स हें १८९१ सालीं हॉलंडांत आइंडहोव्हन येथें कारखाना काढणाऱ्या पितापुत्रांचें आडनांव. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अश्वप्रिय. राहिलें टेलेफुंकेन. तें मात्र कोणाचें आडनांव नव्हे: 'टेले' म्हणजे दूर आणि 'फुंकेन' म्हणजे ठिणग्या. आरंभीचें बिनतारी यंत्र ठिणग्या पाडूनच संदेश पाठवी, म्हणून १९०३ सालीं बर्लिनकरांनीं हें अन्वर्थक नांव योजिलें. आमच्या आत्याबाई त्यास शेवटपर्यंत 'टेलिफंकन' म्हणत, आणि त्यांच्या बातम्या एकदांहि चुकल्या नाहींत.

माळ्यावरून उतरून आम्ही नातवंडांच्या खोलींत गेलों. येथें सर्व जपानी राज्य. भिंतीशीं उभें असलेलें पट्ट्यांचें वाद्य घरांत सर्वजण 'कॅसिओ' म्हणून ओळखतात. त्यावर नांव मात्र यामाहाचें! भजनी मंडळींतील एक तरुण तें वाजवावयास येत असे. 'मला कॅसिओ शिकायचा आहे,' असें तो म्हणाला, तेव्हां 'हा कॅसिओ नव्हेच' असें नातवानें त्यास चारचौघांत ऐकविलें. पुढें तो यावयाचा थांबला, ही गोष्ट आम्हांस या चौकशींतच कळली.

तोराकुसु यामाहा या कारागिरानें १८८७ सालीं हामामात्सु गांवच्या शाळेंतील बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला, आणि त्यांतून या मोठ्या व्यवसायाचा उगम झाला. 'यामा' म्हणजे पर्वत आणि 'हा' म्हणजे पान. त्यांच्या चिन्हांत तीन नादकांटे आहेत. तेच चिन्ह पुढें मोटारसायकलींवर चढलें. जपानी मनुष्य हें नांव उच्चारतो, तेव्हां तिन्ही अक्षरांस सारखाच थोडा वेळ देतो. आपल्या कानास तें जवळजवळ 'यम हा' असें ऐकूं येतें. रात्रीं-अपरात्रीं त्या गाडीवरून हिंडणाऱ्या धाकट्या चिरंजीवांकडे पाहून अण्णांच्या सूनबाईंनीं हा उच्चार तत्काळ मान्य केला.

कॅसिओची कथा याहून बोधप्रद आहे. तादाओ काशिओ यांनीं १९४६ सालीं हा व्यवसाय आरंभिला, आणि त्यांचें आडनांव जपानींत 'काशिओ' असेंच आहे. 'काशि' म्हणजे ओकच्या जातीचें झाड आणि 'ओ' म्हणजे शेंपूट. परदेशीं माल पाठवितांना त्यांनीं रोमन लिपींत तें असें लिहिलें कीं जग 'कॅसिओ' म्हणूं लागलें, आणि त्यांनींहि तें चालू दिलें. १९८० सालीं त्यांचें स्वरवाद्य निघालें, तें इतकें स्वस्त व सुटसुटीत होतें कीं आपल्याकडील वाद्यवृंदांत तसल्या कोणत्याहि वाद्यास 'कॅसिओ' म्हणण्याची रूढि पडली. म्हणजे तो भजनी तरुण चुकला नव्हता. तो रूढ मराठी बोलत होता. ज्या घरांत कोणत्याहि वनस्पति-तुपास 'डालडा' म्हणतात, त्या घरानें त्याचें हंसें करावें, हें आम्हांस तरी उचित वाटलें नाहीं.

आतां ज्यांनीं लोकांच्या जिभेचा विचार करूनच नांव ठेविलें, त्यांजकडे वळूं. १९७२ सालीं ओसाका येथें इकुतारो काकेहाशि यांनीं आपल्या वाद्यांच्या कंपनीस 'रोलँड' हें नांव दिलें. दोनच अवयवांचें, कोणत्याहि देशाच्या माणसास म्हणतां येईल असें नांव त्यांस हवें होतें. मौज अशी कीं जपानी भाषेंत 'र' आणि 'ल' हा भेदच नाहीं. त्यामुळें तें नांव त्यांच्या स्वतःच्या देशांत 'रोरांदो' असें उच्चारलें जातें! कोर्ग हें नांव तर 'केइओ' हें कंपनीचें जुनें नांव आणि 'ऑर्गन' हें वाद्य यांच्या संधीनें साधलेलें आहे. आपल्याकडे पाणिनीस हा संधि दाखविला असता, तर तो क्षणभर विचारांत पडला असता.

नातीच्या टेबलावर कानाला लावावयाचें एक यंत्र होतें. त्यावर नांव 'बोस'. हें नांव वाचतांना मात्र सर्वांचा चेहरा खुलला, कारण हें आपलें. अमर गोपाल बोस यांचा जन्म १९२९ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें झाला. त्यांचे वडील नोनी गोपाल बोस हे इंग्रजी सत्तेविरुद्धच्या चळवळींत पडून बंगाल सोडून गेलेले देशभक्त. अमर बोस यांनीं मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रविद्यापीठांत अध्यापन केलें, १९६४ सालीं ध्वनिवर्धकांची कंपनी काढिली आणि २०११ सालीं तिच्या भागांपैकीं बहुतांश भाग त्या विद्यापीठास देऊन टाकिले; २०१३ सालीं ते निवर्तले. संस्कृत 'वसु', बंगालींत त्याचा 'बोशु', इंग्रजी कागदावर 'बोस', आणि अमेरिकन मनुष्य तेंच नांव 'बोझ' असें उच्चारतो. पियानोच्या जगांत अग्रगण्य गणलें जाणारें 'स्टाइनवे' हें नांवहि असेंच प्रवासी आहे. मूळ जर्मन आडनांव 'श्टाइनवेग', म्हणजे दगडी वाट. कुटुंब अमेरिकेस गेलें, १८५३ सालीं न्यूयॉर्कमध्यें कंपनी निघाली, आणि नांवाचा उत्तरार्ध इंग्रजी झाला. दगड जर्मन राहिला, वाट इंग्रजी झाली. देशांतर करणाऱ्या माणसाचें नांव थोडेंबहुत झिजतें. पण माणूस त्यानें लहान होत नाहीं.

आणि ज्यावरून तंटा झाला तें नांव? फ्रिट्झ झेन्हायझर यांनीं १९४५ सालीं हॅनोव्हरजवळच्या वेन्नेबोस्टेल गांवीं एक लहानशी प्रयोगशाळा काढिली, त्यांतून ही कंपनी वाढली. जर्मन भाषेंत स्वरापूर्वीं येणारा 'एस' हा आपल्या 'झोप' शब्दांतील 'झ'सारखा उच्चारतात, आणि 'ई' व 'आय' हीं अक्षरें लागोपाठ आलीं कीं त्यांचा 'आय' होतो. म्हणून उच्चार 'झेन्हायझर'. याचा अर्थ वाचकांच्या ध्यानीं आलाच असेल. अण्णांचा 'सेन्हेसर' चुकला, हें खरें. पण त्यांस धडा देणाऱ्या नोकराचा 'सेनहायजर'हि चुकला होता, आणि नात म्हणत होती तेंहि तंतोतंत बरोबर नव्हतें. एक चुकणारा दुसऱ्या चुकणाऱ्यास हंसला, एवढेंच त्या दुकानांत घडलें. याच देशांतील 'बेरिंगर' हें नांव आपल्याकडे 'बेहरिंजर' म्हणून चालतें; तेथें 'ह' हा केवळ आधींचा स्वर लांबविण्यापुरता असतो. उलट अमेरिकेंतील 'शुअर' हें १९२५ सालीं कंपनी काढणाऱ्या सिडनी शुअर यांचें आडनांव. तें आपल्याकडे बहुतेकजण नीट म्हणतात. ऐकण्यांत आलें तें साधलें, वाचण्यांत आलें तें फसलें, इतका साधा हा हिशोब आहे. चिठीवरून नांव वाचणारास तें आधीं कोणी कानांत सांगितलेलें नसतें, हें हंसणारांनीं विसरूं नये.

आपल्या स्वतःच्या वाद्यांचीं नांवेंहि तपासणें प्राप्तच होतें. 'हार्मोनियम' हें नांव १८४०च्या सुमारास पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें यांनीं आपल्या वाद्यास दिलें. तें वाद्य पायानें भाता हालविण्याचें. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ सालीं हातानें भाता हालवून जमिनीवर बसून वाजवितां येईल असें केलें. त्यांच्या पेढीचें नांव 'द्वारकिन': आरंभ द्वारकानाथांचा आणि शेवट साहेबी थाटाचा. महाराष्ट्रानें मात्र या फ्रेंच-बंगाली पाहुण्याचें नांव सरळ 'पेटी' असें ठेविलें आणि त्यास घरांत घेतलें. मिरजेस तर याहून नवल आहे. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फरीदसाहेबांच्या परंपरेंतील कारागीर पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळ्यांपासून सतारी व तंबोरे घडवीत आले आहेत, आणि त्या घराण्यांचें आडनांव 'सतारमेकर' असें पडलें: अर्धें आपलें, अर्धें इंग्रजी! २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक निर्देशाचा मान मिळाला. उद्यां एखादा जर्मन गवई 'सतारमेकर' हें नांव वाचतांना अडखळला, तर मिरजेचा कारागीर त्यास हंसणार नाहीं. तो तंबोऱ्याची जवारी लावून दाखवील.

निकाल सांगण्याच्या दिवशीं रात्रीं जेवणें झाल्यावर सर्व मंडळी माजघरांत बसली. अण्णाहि येऊन बसले, पण बोलत नव्हते. इतक्यांत नातवानें आपल्या संगणकांतील एका वाद्याचें नांव आमच्यापुढें धरलें: एम, दोन ओ आणि जी. आम्हीं निःशंकपणें 'मूग' असें वाचलें. नातू म्हणाला, "काकाआजोबा, पंचसुद्धां चुकले!" आणि त्यानें खरी गोष्ट सांगितली. रॉबर्ट मोग (१९३४–२००५) या अमेरिकन गृहस्थांनीं १९६४ सालीं विजेच्या आंदोलनांपासून स्वर उत्पन्न करणारें वाद्य तयार केलें; त्यांचे पूर्वज जर्मन, आणि ते स्वतः आपलें नांव 'मोग' असेंच उच्चारीत. अर्धें इंग्रजी जग त्यांस जन्मभर 'मूग' म्हणत राहिलें.

तोंपर्यंत स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या असलेल्या वहिनी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांचें माहेर गोव्यांत, फोंड्याकडचें. त्या तेथूनच म्हणाल्या, "मोग? आमच्याकडे मोग म्हणजे प्रेम. आठवडाभर मूग गिळून बसण्यापेक्षां थोडा मोग केलेला काय वाईट?"

अण्णा हंसले. आठवड्यांत पहिल्यानेंच हंसले, असें सूनबाईंनीं मागाहून सांगितलें. नात उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. आमच्या निकालाचें काम वहिनींनींच उरकल्यासारखें झालें होतें. तरीहि पंचपदाचा मान राखण्यासाठीं आम्हीं तो वाचून दाखविला. तो असा:

पहिली गोष्ट: बहुतेक पेट्यांवरचीं नांवें हीं कोणातरी माणसाचीं आहेत. त्या माणसानें आपलें नांव कसें म्हटलें हें समजून घ्यावें आणि होईल तितका तसा उच्चार करण्याचा प्रयत्न करावा. आपल्या आडनांवाविषयीं आपण जी अपेक्षा करतों, ती दुसऱ्याच्या आडनांवाविषयीं पाळणें हा शिष्टाचार आहे. एवढ्यापुरता नातवंडांचा पक्ष खरा.

दुसरी गोष्ट: जें नांव आपल्या भाषेनें आपलेंसें केलें, तें आपलें झालें. 'पेटी' आणि 'कॅसिओ' हीं दुरुस्तीस पात्र नाहींत. नांवाच्या धन्यांनींच जेथें आपलें नांव जगाच्या सोयीसाठीं वळविलें, तेथें आपण त्यांच्याहून कडक होण्याचें कारण नाहीं. एवढ्यापुरता थोरल्या चिरंजीवांचा पक्ष खरा.

तिसरी गोष्ट, आणि आमच्या मतें मुख्य: उच्चार सुधारावयाचा तो एकांतांत, मृदु शब्दांत, आणि ऐकणाराची इच्छा असेल तर. चारचौघांत हंसून सुधारलेला उच्चार ऐकणारा शिकत नाहीं. तो तोंड मिटतो. आणि ज्यानें तोंड मिटलें, त्याचें गाणेंहि मिटतें. आपल्या सुशिक्षित घरांत ही चूक विशेष होते, कारण चार इंग्रजी शब्द नीट बोलतां येणें यासच आपण विद्वत्ता समजूं लागलों आहों. इंद्रशत्रूच्या कथेंत स्वर चुकला म्हणून एका वृत्रासुराचा घात झाला. उच्चारास हंसल्यामुळें किती जणांची पेटी बंद पडली असेल, याची गणती कोणीं केली आहे?

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नात आपण होऊन म्हणाली, "आजोबा, मी येऊं तुमच्याबरोबर?" आम्हीहि त्यांच्यासंगें निघालों. या वेळीं दुकान दुसरें होतें. अण्णांनीं चिठी बाहेर काढलीच नाहीं. 'भजनासाठीं माईक पाहिजे. तोंडाजवळचा आवाज नीट घ्यावा, आजूबाजूचा टाळांचा गलका आंत येऊं नये,' असें त्यांनीं स्वच्छ मराठींत सांगितलें. काय हवें हें इतकें नेमकें सांगणारें गिऱ्हाईक दुकानदारास क्वचितच भेटत असावें. त्यानें दोन-तीन पेट्या आदरानें पुढें ठेविल्या. नातीनें त्यांतील एक उचलून 'झेन्हायझर' असें वाचलें. "हां, सेनहायजर," दुकानदार म्हणाला. नातीनें अण्णांकडे पाहिलें, आणि दोघेंहि गप्प राहिलीं. मात्र हें गप्प राहणें निराळें होतें.

पावती लिहितांना दुकानदारानें पत्ता विचारला. त्याची मातृभाषा वेगळी होती. "कोपर... खैराने?" तो लिहितां लिहितां म्हणाला. अण्णांच्या भुवया सवयीनें वर गेल्या. पण लगेच खालीं आल्या.

"खैरणे," ते हळूच म्हणाले. "पण असूं द्या. माल बरोबर पोंचतो."

"खै-र-णे," दुकानदारानें पुन्हां म्हणून पाहिलें, आणि या खेपेस त्यास तें अगदीं नीट साधलें.

त्या गुरुवारीं भजनांत पेटी होती. तो माथाडी कुटुंबांतील तरुणहि आला होता. नातवानेंच त्यास जाऊन बोलावून आणलें होतें. वाद्य यामाहाचें होतें, आणि तो तें 'कॅसिओ' म्हणूनच वाजवीत होता. स्वर मात्र खरे होते.